दूधबोट

चिमीच्या टाचेवरची टिकली लाल झाली तेव्हा रंजनाआत्या गोठ्यात धार काढत होती, आणि केतकी बाळाला पदराखाली घेऊन चुलीच्या उबेला बसली होती.

टिकली म्हणजे खरंच टिकलीएवढी. खालच्या दवाखान्यात बाळ जन्मलं की नर्स ती टाचेला चिकटवायची. मुंगी चावल्याइतकंसुद्धा न दुखवता ती रक्ताचा एक कण ओढून घ्यायची, आणि बाळ घाट चढून घरी येईतो त्या कणातला मजकूर अक्षर अक्षर वाचत बसायची. आईबापाकडून बाळाला काय काय आलंय, त्यात कुठे खोट नाही ना, एवढंच बघायचं तिचं काम. सगळं ठीक असलं की ती हिरवी व्हायची आणि आपोआप गळून पडायची. येळवणसड्यावरच्या बायका ती गळलेली हिरवी टिकली देवाच्या कोनाड्यात ठेवायच्या, अंगाऱ्याच्या पुडीशेजारी. लाल टिकली सड्यावर अजून कुणी पाहिली नव्हती.

केतकीला आधी वाटलं, कुंकू सांडलंय. तिने बोटाने पुसून पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला.

"केतकी झोरे ना? मी डॉक्टर नाझनीन पटवेकर, खालच्या दवाखान्यातून. बाळ आत्ता अंगावर आहे का?"

"हो. मघापासनं पितेय. चांगली पितेय."

"तिला अलगद बाजूला कर. घाबरू नकोस, तिला काही झालेलं नाही. होऊ द्यायचं नाहीये, म्हणून सांगतेय. आत्तापासून दूध बंद. तुझंही, म्हशीचंही, गाय, शेळी, कसलंच नको. एक थेंबही नको."

"मग देऊ काय तिला?"

"डबा निघालाय, उडत येतोय. त्यातली पावडर. कशी कालवायची ते मी फोनवर सांगते."

केतकीने करंगळी घालून बाळाचं तोंड सोडवलं. चिमीचे ओठ रिकाम्या हवेतच चोखत राहिले. मग तिला फसवणूक कळली आणि तिने असा टाहो फोडला की आत्या फेसाळ चरवी घेऊन तशीच धावत आत आली.

"काय झालं गं? मुंगळा चावला काय?"

केतकीने नुसती टाच दाखवली.

डबा आला तो गवत वाळत घातलेल्या कातळावर उतरला. म्हशी फुरफुरल्या. आत्याने झाकण उघडलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"सोयाबीन? आगं, ही तर आपल्या म्हशींची पेंड!" ती डबा उलटापालटा करत म्हणाली. "म्हशीनं खायची ती पेंड लेकरानं प्यायची, अन् म्हशीचं दूध मग कुणी प्यायचं? त्या डाक्टरणीनं?"

एरवी केतकी हसली असती. तिच्या पोलक्यावर दोन ओले डाग पसरत चालले होते.

*

सासूला आत्या म्हणायची रीत पुष्कळ ठिकाणी असते. केतकीची सासू मात्र खरीच आत्या होती, बापाची सख्खी पाठची बहीण. केतकी वरच्या वाडीची. लहानपणी सुट्टी लागली की ती सड्यावर आत्याकडे यायची, आत्याच्या कुशीत झोपायची, आणि आतेभाऊ बिरूशी चिंचेवरून मारामाऱ्या करायची. ती बारावीला असतानाच आत्याने भावाकडे पदर पसरला होता, "दादा, तुझी लेक माझ्या घरी दे. परकी सून आणून तिला माझ्या म्हशींची नावं कवा शिकवू?" केतकीलाही बिरू आवडत होता. लग्नानंतर आठवडाभर तिने 'अहो आत्या, तुम्ही' करून पाहिलं. शेवटी आत्या कावली. "कुणाशी बोलतीस गं? माझ्या मागं कोण उभं हाय का?" तेव्हापासून पुन्हा 'तू'.

येळवणसडा म्हणजे घाटमाथ्यावरचं कातळाचं पठार आणि त्यावर गवळी लोकांची पंधरा-वीस घरं. वर यायला गाडीरस्ता आत्ता आत्ता झालेला. त्याआधी पायवाट, आणि पावसाळ्यात तीही वाहून जायची. त्यामुळे सड्यावरच्या सोयरिकी एक तर सड्यावरच, नाही तर वरच्या वाडीत. सगळी झोरे आणि ढेबे. कोण कुणाचा कोण लागतो हे सांगायला बसलं तर भाकरी करपायची.

आणि सड्यावर माया बोलून दाखवायची पद्धत नव्हती. माया ओतून द्यायची. पाहुणा आला, दूध. पोर झाडावरून पडलं, हळद घालून दूध. दोन घरांचं भांडण मिटलं, एका पेल्यातलं दूध. एकटा केतकीचा बाप तेवढा दुधाचा वैरी. लहानपणी आपल्या वाटचा पेला तो गुपचूप कुत्र्याला पाजायचा. "त्या कुत्र्यासारखा कुत्रा पंचक्रोशीत न्हवता," आत्या सांगायची, "अन् तुझा बा काडी!"

बाळाच्या पाचवीला तर सड्यावर एक खास रीत होती. प्रत्येक घरातली थोरली बाई आपल्या म्हशीचं दूध वाटीत घेऊन यायची, त्यात बोट बुडवायची आणि ते बाळाच्या जिभेला लावायची. याला दूधबोट म्हणत. बोट लागलं की बाळ त्याही घरचं झालं. मोठेपणी त्याने त्या घरात शिरून न विचारता टोपलीतली भाकरी घ्यावी, कुणी हटकायचं नाही. आणि भांडणात एखाद्याला अगदी जिव्हारी लागेल असं बोलायचं असलं तर म्हणायचं, "बोट न लागलेला मेला!"

चिमीची पाचवी उद्या होती.

*

डॉक्टर नाझनीन सकाळीच जीप घेऊन वर आल्या. चिपळूणच्या खाडीकडच्या, बोलायला मोकळ्या, आणि घाटात गाडी लागते म्हणून तोंडात लवंग धरलेल्या. त्यांनी चिमीचं पोट चाचपलं, डोळे पाहिले आणि घोंगडीवर मांडी घातली.

"वेळेत कळलंय," त्या म्हणाल्या. "आता नीट ऐका. दुधात एक साखर असते. पोटात गेली की तिचे दोन तुकडे होतात. एक तुकडा शरीराला लगेच चालतो. दुसरा तसाच चालत नाही, यकृताला तो आधी बदलून घ्यावा लागतो. तुम्ही ऊस तसाच चहात टाकत नाही, त्याचा गूळ करून टाकता, तसं. हा गूळ करणारा जो आचारी आहे ना यकृतातला, तो चिमीकडे नाही. मग तो तुकडा साठत जातो. आधी यकृत बिघडतं, बाळ पिवळं पडतं, मग डोळे, मग मेंदू."

"आचारी का न्हाई? पळाला?" आत्याने विचारलं. तिचा आवाज नेहमीचा होता, हात मात्र लुगड्याचा काठ चुरगाळत होते.

"त्याला बोलवायचं आवतण प्रत्येकाच्या अंगात दोनदा लिहिलेलं असतं. एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. एकात चूक असली तरी दुसऱ्यावर भागतं. केतकीकडे एक चुकलेलं आहे, बिरूकडेही एक. दोघं ठणठणीत. चिमीच्या वाट्याला नेमकी दोन्ही चुकलेली आली."

"दोघांकडं तीच चूक कशी?" बिरू म्हणाला. तो दारात उकिडवा बसून काडीने जमीन उकरत होता.

डॉक्टरांची नजर शिंक्यातल्या दह्याच्या मडक्याकडे गेली. "तुमच्याकडे विरजण कुठून आणता?"

"आणायचं कुठनं? सरलं तर शेजारनं."

"आणि शेजारणीकडे सरलं तर?"

"आमच्याकडनं."

"म्हणजे सड्यावरच्या सगळ्या मडक्यांत एकच विरजण फिरतंय. तुमच्या आज्या-पणज्यांच्या आधी कधी तरी दोन-चार घरं वर आली. त्यातल्या एका माणसाकडे हे चुकलेलं आवतण होतं. त्याचा काही दोष नव्हता, त्याला ठाऊकही नव्हतं. मग सोयरिकी आपसातच. ते घरोघर फिरत राहिलं."



सड्यावर अधूनमधून एखादं बाळ असं जायचं. जन्मताना गोंडस, दूधही ओढायचं, आणि मग ओकायला लागायचं, पिवळं पडायचं, मिटायचं. 'पिवळं पांघरूण घेतलं' म्हणत. बिरूच्या आधी आत्याला झालेल्या मुलीनेही घेतलं होतं. बाळ सुकतंय म्हणून आत्याने तिला रात्रंदिवस छातीशी धरलं होतं. चांगल्या म्हशीचं दूध वरून घातलं होतं. बाळ जितकं सुकलं तितकं जास्त पाजलं होतं.

आत्या उठून गोठ्यात गेली. केतकी मागोमाग गेली तेव्हा ती चांदी म्हशीच्या पाठीवर कपाळ टेकून उभी होती. म्हैस शेपूटही न हलवता उभी. लहानपणी झोपायची तशी ती आत्याला मागून बिलगली.

"मीच तुला मागून आणली गं," आत्या म्हशीच्या पाठीत बोलली. "दुसरीकडं दिली असती तर..."

"दुसरीकडं दिली असती तर मी पळून इथंच आले असते. चिंचा तुझ्याच दारात होत्या."

आत्याचं अंग गदगदलं. हसू की रडू, म्हशीलाच ठाऊक.

*

पाचवी झाली नाही. सड्यावरच्या बायका वाट्या घेऊन निघाल्या होत्या, त्यांना बिरूने वाटेतच परतवलं. कुणी उघड काही म्हणालं नाही. पण पाणवठ्यावर कुजबूज झाली की झोऱ्यांच्या लेकीला बोट लागलं नाही.

चिमी पेंड प्यायला शिकली. आधी तोंड वेंगाडलं, मग वाटीकडे बघून पाय झाडायला लागली. तिला पाजायचं काम आत्याने स्वतःकडे घेतलं, कारण केतकीने जवळ घेतलं की चिमी वासाने पदरात तोंड खुपसायची आणि मग दोघी रडायच्या. केतकीची छाती दगड झाली होती, ताप भरला होता. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, दूध पिळून काढ. पिळून काढलेल्या दुधाचं काय करायचं हे मात्र त्यांना विचारायचा धीर केतकीला झाला नाही. ते मातीत ओतताना तिचा हात पुढे होईना.

अशात शालनकाकी दारात येऊन उभी राहिली. शालनकाकी म्हणजे चार घरं सोडून राहणारी ढेब्यांची थोरली, जीभ अशी की म्हैस आटावी. आज ती पदराचं टोक पिळत होती. तिच्या सुनेला तापाने गाठलं होतं, दूध आटलं होतं, आणि नातू भुकेने कोमेजला होता.

"म्हशीचं बाधतंय त्याला," ती म्हणाली. "म्हनलं... तुझं वाया जातंय असं कळलं. पर तुझ्या दुधात काय... म्हंजे चिमीला जे बाधलं ते..."

"दुधात काही नाही, काकी. दूध चांगलंय. आण त्याला."

मग त्या घरात रोज एक गमतीचं दृश्य दिसायला लागलं. केतकीच्या मांडीवर ढेब्यांचा गुबगुबीत नातू, आत्याच्या मांडीवर चिमी नि सोयाबीनची वाटी. पोरगा पिता पिता हात लांब करायचा आणि चिमीचं जावळ ओढायचा. "आईचं तर घेतलंस, आता टाळूबी घे माझ्या नातीची," आत्या त्याला दटावायची. केतकीचा ताप उतरला. छाती हलकी झाली. रिकामं जे वाटायचं ते तेवढं राहिलं.

*

पुढच्या खेपेला डॉक्टर आल्या त्या जरा अडखळतच बोलल्या.

"पेंडीने चिमी जगेल, वाढेल. पण मी तुमच्यापासून लपवणार नाही. ती साखर थोडीशी शरीर स्वतःच बनवतं. दूध बंद केलं तरी ती थोडी साठतच राहते. अशी मुलं कधी कधी बोलायला खूप उशीर लावतात, शब्द जुळत नाहीत. आणि मुलींना पुढे... आई होणं अवघड जातं."

केतकीने चिमीकडे पाहिलं. ती आत्याच्या बांगडीशी भांडत होती.

"पण आता दुरुस्ती करता येते," डॉक्टर म्हणाल्या. "चरबीचे अगदी बारीक थेंब असतात, डोळ्याला न दिसणारे. त्यांच्यात निरोप गुंडाळून सुईतून सोडायचे. ते यकृतात पोचतात, तो निरोप चुकलेलं अक्षर शोधतो आणि बदलतो. सगळ्या पेशींत नाही जमत. थोड्या दुरुस्त झाल्या तरी आचारी कामाला लागतो."

"म्हंजे तुपातनंच की औषध," आत्या म्हणाली. पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी आली.

"तुपातनंच समजा. पण औषध एका बाळासाठी करायला परवानगी मिळत नाही. जी समिती बसते ती विचारते, उद्या याच वाडीत असं दुसरं बाळ झालं तर हेच चालेल का? त्यासाठी मला सड्यावरच्या सगळ्या घरांचं रक्त हवंय. एकेक थेंब."

"सगळ्यांचं कशापाई?" बिरूने विचारलं.

"सड्यावर बिरू झोरे किती आहेत?"

"तीन. मी, दगडूचा, अन् खालच्या अंगाचा."

"मग 'बिरू झोरे, येळवणसडा' एवढ्यावर पत्र टाकलं तर ते नेमकं तुझ्याच हातात पडेल याची खात्री काय? निरोपाचं तसंच. आजूबाजूची अक्षरं बघून तो पत्ता ओळखतो. तसाच दिसणारा पत्ता दुसरीकडे असला तर तो भलत्याच दारात शिरेल. आमच्याकडे जे नकाशे आहेत ते शहरातल्या लोकांच्या रक्तावरून काढलेले. सड्याचा नकाशा जगात कुणाकडेच नाही."

देवळापुढच्या कातळावर बैठक बसली. ऐकून घेतलं सगळ्यांनी. पण शालनकाकी उठली ती कमरेला पदर खोचूनच.

"चिमी आमचीबी हाय, न्हाई कोण म्हनतंय? पर माझी तेजू लग्नाची हाय. सोयरीक ठरत आलीया. उद्या कळलं, शालनीच्या घरात नासकं रगत हाय, मंग? तेजूला काय गोठ्यात बांधून ठिवू?"

"काकी, ते नासकं नाही हो—" डॉक्टर म्हणाल्या.

"तुमच्या भाषेत नसंल! आमच्यात दुधात एक थेंब दही पडलं तर काय म्हनत्यात?"

बरीच डोकी हलली. प्रत्येक घरात कुणी ना कुणी लग्नाचं होतंच. बिरू तावातावाने उठला, "अन् नातू कुणाचं दूध पितोय काकी, त्याची सोयरीक करताना सांगशील का?" केतकीने त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं. ते बोलणं तिला आवडलं नाही. दूध तिने बदल्यात दिलं नव्हतं.

डॉक्टर उठून बैठकीच्या मधे आल्या. मग म्हणाल्या, "एक वाट आहे. नावं लावायचीच नाहीत. सगळ्यांचे थेंब एकाच भांड्यात मिसळायचे. यंत्र त्यातून एवढंच सांगेल, की सड्यावर चूक किती पसरलीय आणि तसे दिसणारे पत्ते आहेत का. कुणाकडे आहे ते मलाही कळणार नाही. मी हे आधीच विचारलं असतं. पण वाटलं, एकमेकांचं रक्त मिसळलेलं तुम्हाला चालेल का?"

आणि रंजनाआत्या हसायला लागली. खोखो. बिरू घाबरला.

"काय झालं, आये?"

आत्याने हात लांब करून रस्त्याकडेचा डेअरीचा ॲल्युमिनियमचा कॅन दाखवला. सकाळचा रिकामा होऊन तो उन्हात उलटा ठेवलेला होता.

"बाई माझे," ती डॉक्टरांना म्हणाली, "आम्ही रोज सकाळी दुसरं काय करतो? शालनीच्या म्हशीचं पातळ, माझ्या चांदीचं दाट. कॅनात पडलं की त्यातलं शालनीचं कुठलं, काढून दावा!"

"पातळ कुनाचं गं, रंजने?" शालनकाकी उसळली. हशा झाला. पण हशा ओसरल्यावर एकेक जण उठला, म्हशी सोडायच्या आहेत म्हणून. हो कुणी म्हटलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी आत्या उजाडताच न्हाली. ठेवणीतलं लुगडं नेसली. उंबऱ्यात पाट मांडला, सटवाईची सुपारी मांडली आणि बिरूला म्हणाली, "घरोघर जाऊन सांग. चिमीची पाचवी आज हाय."

"आये, चिमी महिन्याची होत आली."

"मंग? पाचवीला म्हाईत हाय व्हय, ती कितव्या दिवशी येतीया ते?"

"आणि दूध तर चालत नाही तिला," केतकी म्हणाली.

"दूध कोण मागतंय? सांग, रिकाम्या हातानं या. बोट तेवढं आना."

केतकीला कळलं. तिने डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर आल्या, काचेचं छोटं भांडं घेऊन. तळाशी रक्त गोठू नये म्हणून पाण्यासारखं औषध. पाटावर चिमीला मांडीवर घेऊन केतकी बसली. आधी आत्या पुढे झाली. तिने बोट पुढे केलं, सुई टोचली, आणि टपोरा थेंब भांड्यात पडला. मग तेच बोट, पुसून, तिने चिमीच्या ओठांना नुसतं टेकवलं. कोरडं.

"झोऱ्यांच्या घरचं बोट," ती म्हणाली. तसंच म्हणायची रीत होती.

मग बराच वेळ कुणी आलं नाही. वाटेवर ऊन चढलं. कोंबड्या सुपारीकडे बघून गेल्या. आत्या ताठ बसून होती. केतकीच्या मनात आलं, उठावं, सुपारी उचलावी, आत्याला आत न्यावं. तिला चिमीची जेवढी काळजी वाटत होती तेवढीच आत्ता त्या ठेवणीतल्या लुगड्याची वाटत होती.

तेवढ्यात चढावर शालनकाकी दिसली. कडेवर नातू. हातात वाटी. सवयीने ती दूध घेऊनच आली होती. दाराशी आल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिने ती वाटी हळूच वळचणीला ठेवली आणि वर सुपाने झाकली.

"राती झोप न्हाई," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "ह्याच्या पोटात तुझं दूध हाय, केतके. मंग माझ्या बोटात तुझं रगत निघालं, तर काय बिघडलं?" मग डॉक्टरांकडे वळून, "टोचा. पर हळू. मला सुईचं भ्या वाटतंय."

आणि तिने खरंच डोळे गच्च मिटले. थेंब पडला.

"ढेब्यांच्या घरचं बोट," ती म्हणाली आणि चिमीच्या ओठांना बोट लावलं. चिमीने ते पटकन चोखायला घेतलं. "आगं, माझ्या सोन्या," म्हणत काकी तिच्या तोंडाशी वाकली. "भुकेलीस व्हय गं?"

तिच्या मागे तेजू होती. तेजूच्या मागे दगडूची बायको, मग खालच्या अंगाची म्हातारी, मग पुरुष, लाजत, हसत, एकमेकांना पुढे ढकलत. दुपारपर्यंत भांड्यात सगळा सडा एक झाला होता. डॉक्टरांनी ते उडत्या पेटीत ठेवलं. पेटी कातळावरून उठली, दरीवर लहान होत गेली. आत्याने तिला हात जोडले. मग ओशाळून तेच हात केसांवरून फिरवले.

*

तसा दिसणारा पत्ता सड्याच्या रक्तात निघाला. एकाच जागी. शहराच्या नकाशात तो नव्हता. न बघता औषध दिलं असतं तर निरोप तिकडेही शिरला असता. म्हणून निरोपाचा मजकूर पुन्हा लिहावा लागला, पुन्हा तपासावा लागला. चिमी बसायला लागली, रांगायला लागली, मग शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिच्या हातातून ते तुपाचे थेंब आत गेले. बाटलीवर मराठीत छापलं होतं: येळवणसडा. एका वाडीच्या नावाचं औषध. आत्याने रिकामी बाटली मागून घेतली आणि घरी कोनाड्यात ठेवली.

तेजूचं लग्न झालं. लग्नाआधी तिने आणि होणाऱ्या नवऱ्याने टाचेला एकेक टिकली लावली, दोघांनीच, कुणाला न सांगता. काय रंग आला तेही त्यांनी सांगितलं नाही. हळदीला मात्र दोघं हसत होती. शालनकाकीने विचारून विचारून जीव खाल्ला, तेव्हा तेजू म्हणाली, "आये, रंग कुठलाबी असू दे, आता औषध हाय."

पण केतकीच्या मनाचा एक कोपरा थंड होत नव्हता. चिमी चालायला लागली तरी बोलत नव्हती. ढेब्यांचा नातू 'म्हस' म्हणायचा, 'दे' म्हणायचा, आजीला शिव्यासुद्धा द्यायचा. चिमी नुसती बोट दाखवायची आणि हुंकारायची. केतकी तिच्याशी दिवसभर बोलायची. भाकरी थापताना, डेअरीत दूध मोजताना, कपडे वाळत घालताना. चिमी तोंडाकडे टक लावून ऐकायची, ओठ हलवायची, आणि थांबायची. डॉक्टर म्हणायच्या, यकृत चांगलं चाललंय, वाट बघू. वाट बघणं म्हणजे काय, हे केतकी त्या दिवसांत शिकली.

मग एक दिवस टाचेवरची नवी टिकली, रक्तात साठलेली साखर मोजणारी, हिरवी झाली. गळून पडली. डॉक्टर म्हणाल्या, "आता एक थेंब देऊन बघू. एकच. मी समोर असताना."

बातमी जीपच्या आधी सड्यावर पोचली. दाराशी गर्दी झाली. प्रत्येक घरची वाटी. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, एक थेंब म्हटलं मी! एका वाटीतला!"

"मंग रंजनीच्या वाटीतला," शालनकाकी म्हणाली. "दाट हाय म्हनती ना तिचं. बघू तरी."

आत्या आत गेली. चांदीची कोमट धार घेऊन बाहेर आली. तिने पाटावर बसून चिमीला मांडीत घेतलं. वाटीत बोट बुडवलं. दुसऱ्या हाताने तिने चिमीची हनुवटी धरली. केतकी समोर गुडघ्यांवर बसली होती. तिला तो पहिला दिवस आठवला. रिकाम्या हवेत चोखणारे ते ओठ.

"झोऱ्यांच्या घरचं बोट," आत्या पुटपुटली आणि बोट चिमीच्या जिभेला लावलं.

चिमीने चव घेतली. विचार केला. तिच्या कपाळाला आठी पडली, नाक मुरडलं, आणि तिने जीभ बाहेर काढून दोन्ही हातांनी खसाखसा पुसली. मग आत्याचं बोट बाजूला ढकललं, केतकीकडे बघितलं आणि अगदी स्पष्ट, सगळ्या सड्याला ऐकू जाईल असं म्हणाली,

"नको!"

केतकीने तोंडावर पदर धरला.

"आणखी एकदा म्हण," ती म्हणाली. "चिमे, माझ्या बाय, आणखी एकदा."

"नको! नको दूध!"

शालनकाकी पोट धरून उंबऱ्यातच बसली. "आगं बया! गवळ्याची लेक अन् दुधाला तोंड वाकडं करतीया!"

डॉक्टर हसत होत्या आणि त्यांचे डोळे वाहत होते. बिरू वळून भिंतीकडे बघत उभा राहिला. आत्याने ते दुधाचं बोट स्वतःच्याच तोंडात घातलं, चिमीला छातीशी घट्ट आवळलं आणि रडता रडता वाडीला ऐकवलं,

"असू दे, असू दे. माझ्या दादावर गेलीया. कुणी तरी एक चांगला कुत्रा आना रं घरात!"